‘फीड्रा’ची तबकडी आणि आमचे दोन तंबोरे

आमच्या घरांत गाणें ही करमणुकीची बाब कधींच नव्हती; ती शिस्तीची बाब होती. पुण्यांतील आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तेव्हां आम्हां तिघां भावांचीं बिऱ्हाडें एकाच मजल्यावर शेजारीं शेजारीं आलीं. स्वयंपाक एक राहिला, देव एक राहिले आणि एक खोली सामाईक राहिली. त्या खोलींत मिरजेस घडवलेले दोन तंबोरे खोळी घालून भिंतीशीं उभे असतात. आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्यांनीं आधीं वाड्याच्या माडीवर व मग ह्या खोलींत अशीं पंचेचाळीस वर्षें विद्यार्थ्यांना गाणें शिकवलें. वहिनी मागें बसून तंबोरा छेडीत. गेल्या दोन वर्षांपासून शिकवण्या बंद आहेत. ‘आतां पुरे झालें,’ एवढेंच कारण दादांनीं सांगितलें होतें, आणि वडीलधाऱ्या माणसाला अधिक विचारण्याची आमच्याकडे रीत नाहीं.

गेल्या दिवाळींत धाकट्या बंधूंचा मुलगा बाळ ह्यानें ती खोली मागितली. मुलगा इंजिनिअर आहे, चांगल्या नोकरींत आहे, आणि मिळकतीचा बराच भाग सिंथेसायझर नांवाच्या वाद्यांवर खर्च करतो. हीं वाद्यें त्याच्या झोपण्याच्या खोलींत मावत नाहींशीं झालीं. दादांनीं नकार दिला तो एका वाक्यांत: “विजेवर चालतें तें गाणें नव्हे, तो पंखा.”

हें वाक्य ऐकतांच मला आमच्या आजोबांची आठवण झाली. त्यांनीं हयात असेपर्यंत बाजाची पेटी घराच्या उंबऱ्याआंत येऊं दिली नव्हती. “भाता असलेली वस्तु लोहाराकडे शोभते,” असें ते म्हणत. वडील पेटी शिकले ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर. पुढें आजोबांच्या पश्चात् तीच पेटी घरांत आली, आणि दादांचे पहिले धडे तिच्यावरच झाले; ही गोष्ट दादा विसरले होते असें नाहीं, पण तिचा उच्चार त्या वेळीं कोणी करावा! बाळ दोन महिने जेवणापुरता माजघरांत येई व पान वाढलें कीं खालीं मान घालून जेवून जाई. एकत्र कुटुंबांत भांडण परवडतें, अबोला परवडत नाहीं. शेवटीं वहिनींनींच तोडगा काढला. त्या म्हणाल्या, “आधीं ऐका, मग नाहीं म्हणा. न ऐकतां नाहीं म्हणणें हें तुमच्या गुरुजींनीं शिकवलेलें नाहीं.” बाळनें एक तबकडी निवडावी, ती साऱ्यांनीं त्याच खोलींत बसून अथपासून इतिपर्यंत ऐकावी आणि मध्यें कोणी उठूं नये, असें ठरलें.

त्यानें निवडलेली तबकडी म्हणजे ‘टँजरिन ड्रीम’ ह्या जर्मन मंडळाची ‘फीड्रा’. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तरुण मंडळींनीं अशा प्रकारचें संगीत आणलें असेल व तें ‘नुसता आवाज’ म्हणून बाजूस सारलें गेलें असेल. मीं तरी तेंच केलें होतें. म्हणून ह्या एका तबकडीविषयीं, मागाहून वाचून व विचारून जें समजलें आणि त्या दिवशीं जें ऐकलें, तें दोन्ही येथें सांगतों.

हें मंडळ १९६७ सालीं पश्चिम बर्लिनमध्यें निघालें. त्याचा संस्थापक एडगर फ्रोझे. ६ जून १९४४ ह्या, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचें सैन्य उतरलें त्याच दिवशीं, पूर्व प्रशियांतील टिल्झिट गांवीं त्याचा जन्म झाला. तें गांव युद्धानंतर रशियाकडे गेलें. तो बर्लिनच्या कलाशाळेंत चित्र व शिल्प शिकला आणि गिटार वाजवूं लागला. आरंभीं हें इतर मंडळांप्रमाणें गिटार व ड्रम ह्यांचें रॉक मंडळच होतें. १९७१ पासून त्यांत तिघे स्थिरावले: फ्रोझे, ख्रिस्तोफर फ्रांके आणि पीटर बाउमान. त्यांतला फ्रांके हा मुळांत ड्रम वाजवणारा. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें त्यानें जें केलें त्याचें मर्म तींत आहे.

१९७३ च्या नोव्हेंबरांत हे तिघे इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळच्या शिप्टन-ऑन-चेरवेल ह्या खेड्यांत आले. तेथील एका जुन्या जहागिरी वाड्यांत व्हर्जिन ह्या नव्या कंपनीनें ध्वनिमुद्रणाची सोय केली होती; ‘द मॅनर’ असें त्या स्थळाचें नांव. येतांना त्यांनीं एक मोग सिंथेसायझर आणला होता.

मीं उभ्या आयुष्यांत पदार्थविज्ञान शिकवलें, तेव्हां ह्या यंत्राविषयीं थोडें सांगितल्याशिवाय माझ्यानें राहवणार नाहीं. रॉबर्ट मोग ह्या अमेरिकन इंजिनिअरानें १९६४ सालीं तें प्रथम पुढें आणलें. त्याचें तत्त्व साधें आहे. विजेचें एक मंडल स्वतःशींच आंदोलन पावतें. त्याला ध्वनिक्षेपक जोडला कीं एक अखंड स्वर निघतो. त्या मंडलास दिलेला विजेचा दाब एक व्होल्टनें वाढवला कीं स्वर बरोबर एक सप्तक चढतो. म्हणजे मंद्र षड्जापासून मध्य षड्जापर्यंतचें सारें अंतर एका व्होल्टांत! एक शतांश व्होल्ट इकडचा तिकडे झाला तर स्वर सूक्ष्म श्रुतीच्या निम्म्याइतका सरकतो. ह्याच्या जोडीला दुसरें एक यंत्र असतें, त्याला सीक्वेन्सर म्हणतात. मोगच्या त्या यंत्रांत आठ आठ गुंड्यांच्या तीन ओळी असत. प्रत्येक गुंडी म्हणजे एक दाब, म्हणजेच एक स्वर. यंत्र चालूं केलें कीं तें पहिल्या गुंडीपासून आठवीपर्यंत ठराविक लयींत जातें व पुन्हां पहिलीवर येतें. माणूस थकेल, तें थकत नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पेटीविरुद्ध आपल्याकडे जो आक्षेप होता तो असा, कीं तिचे बारा स्वर कारखान्यांत कायमचे ठरून येतात. त्यांत मींड नाहीं, श्रुति नाहींत. ह्याच कारणानें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत टिकली. पण ह्या जर्मनांच्या गुंड्यांवर कोणताहि स्वर लिहिलेला नव्हता. प्रत्येक स्वर कानानेंच लावावा लागे. लावलेला स्वर लक्षांत ठेवण्याचीहि सोय त्या यंत्रांत नव्हती, त्यामुळें आज लावलेलें उद्यां पुन्हां पहिल्यापासून लावावयाचें. फ्रोझेनें पुढें जी हकीकत सांगितली आहे तिच्यावरून दिसतें कीं, नुसत्या स्वर लावण्यांत रोजचे कित्येक तास जात. सकाळीं अकरापासून रात्रीं दोनपर्यंत हे लोक बसत. आणि अकराव्या दिवशीं त्यांच्या हातीं जेमतेम सहा मिनिटांचें संगीत होतें. मोडण्यासारखें जें जें होतें तें तें मोडलें: फीत ओढणारें यंत्र बंद पडलें, आवाजांचें मिश्रण करणारा फलक पुनःपुन्हां बिघडला, आणि खर्जाचे स्वर इतके खोल कीं ध्वनिक्षेपकच निकामी झाले. बाराव्या दिवशीं थकून भागून तिघांनीं दोन दिवस सुट्टी घेतली. त्यानंतर काम मार्गीं लागलें.

तबकडी २० फेब्रुवारी १९७४ रोजीं प्रसिद्ध झाली. रेडिओवर ती फारशी वाजली नाहीं. तरीहि ऐकणाऱ्यांनीं एकमेकांस सांगून ती इंग्लंडच्या खपाच्या यादींत पंधराव्या क्रमांकापर्यंत नेली. खुद्द जर्मनींत तिचा खप फार थोडा झाला. घरच्या माणसाची किंमत घरांत उशिरां कळते, हा अनुभव एकट्या आपल्याच देशाचा नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत फ्रान्समधील रॅंसच्या प्राचीन कॅथीड्रलांत त्यांनीं हें संगीत वाजवलें, तेव्हां आंत मावेनात इतके लोक लोटले होते.

आतां त्या रविवारची गोष्ट. दुपारीं चार वाजतां आम्ही सारे खोलींत जमलों. खालीं सतरंजी, दादांना पाठीशीं लोड, वहिनी त्यांच्या उजव्या हातास, सुना दाराशीं, मुलें खिडकींत. बाळनें कमरेइतक्या उंचीचे दोन ध्वनिक्षेपक तंबोऱ्यांच्या दोहों बाजूंस ठेवले होते. तें पाहून दादांनीं भुवई वर केली, पण कांहीं बोलले नाहींत. बाळनें एवढेंच सांगितलें, “ह्यांत शब्द नाहींत. चाल शोधूं नका. आणि हळू आवाजांत हें ऐकतां येत नाहीं, तेवढी क्षमा करा.”

पहिली बाजू म्हणजे एकच कृति, सुमारें साडेसतरा मिनिटांची. तिचेंच नांव तबकडीला दिलेलें आहे. आरंभीं कांहींच होत नाहीं असें वाटतें. दूरवर कोठें तरी धातूचा पत्रा थरथरावा तसा एक स्वर, मग दुसरा, वर हवा सुटल्यासारखा सळसळाट. माझ्या मनांत प्रामाणिकपणें आलें कीं ही पहिली दोनतीन मिनिटें वगळलीं असतीं तर कांहीं बिघडलें नसतें. मग खालून, अगदीं जमिनींतून यावा तसा, खर्जाचा ठेका सुरू झाला. ठेका म्हणतों खरा, पण तो ठेका नव्हे व सूरावटहि नव्हे. दोहोंच्या मधली कांहीं तरी वस्तु. तेच तेच स्वर, तीच तीच लय, आणि प्रत्येक फेरींत त्यांचा रंग किंचित् निराळा: एकदां बोथट, एकदां लखलखीत, एकदां गुडघाभर पाण्यांतून चालावें तसा जड.

तबल्याच्या एकल वादनास जो लेहरा धरतात त्याची येथें आठवण होते. लेहरा धरणारा तेवढ्याच मात्रांची तीच ओळ तासभर फिरवीत राहतो व तिच्या आधारानें तबलजी आपला विस्तार करतो. येथें फ्रांकेच्या यंत्रानें लेहरा धरला आहे. गंमत अशी, कीं हा मनुष्य मूळचा ड्रमवाला. त्यानें काठ्या खालीं ठेवल्या व आपली लय ह्या आठ आठ गुंड्यांत घातली. पण लेहऱ्याला सम असते. कितीहि दूर गेलें तरी समेवर भेट ठरलेली असते, आणि ती झाली कीं श्रोता मान हालवतो. ह्या जर्मन लेहऱ्याला अशी भेटीची जागा नाहीं. आमच्या धाकट्या बंधूंनीं तीनचार वेळां सम समजून मान हालवली व तीनचार वेळां ते फसले. मला ही उणीव वाटली, अजूनहि वाटते. बाळचें म्हणणें असें, कीं आगगाडींत बसलेला मनुष्य सम शोधीत नाहीं, बाहेर पाहतो. ज्याचें त्यानें ठरवावें.

नऊदहा मिनिटें झालीं असतील. दादा डोळे मिटून बसले होते. झोंप लागली असावी असा माझा समज झाला. इतक्यांत त्यांनीं हात पुढें केला व जवळच्या ध्वनिक्षेपकाच्या लाकडी अंगावर तळवा ठेवला. वैद्य नाडी पाहतो तसा तो तळवा तेथें राहिला. थोड्या वेळानें ते डोळे न उघडतां म्हणाले, “उतरला.”

“काय उतरलें, दादाकाका?” बाळनें विचारलें.

“स्वर. खालचा तेथेंच आहे, वरचा त्याला सोडून चालला. लावणाराचें लक्ष नव्हतें काय?”

बाळ एकदम उठून उभा राहिला. मध्यें उठावयाचें नाहीं हा करार त्यानेंच मोडला. ह्या तबकडीविषयीं जाणकारांत प्रसिद्ध असलेली गोष्ट दादांनीं कोणीं न सांगतां नेमकी पकडली होती. ही कृति मुळांत ध्वनिमुद्रणाच्या खोलींत आयत्या वेळीं सुचत गेलेली. वाजवतां वाजवतां यंत्र तापूं लागलें. त्यांतील मंडलें उष्णतेला फार हळवीं असतात. तापमान बदललें कीं स्वर सरकतो. कांहीं स्वर सरकूं लागले, आणि ह्या तिघांनीं तें टाकून न देतां तसेंच ठेवलें. कृतीच्या उत्तरार्धांत जो पालट होतो त्याचें एक कारण तें आहे. मीं यंत्राचें तत्त्व सांगूं शकतों, पण तो सरकलेला स्वर माझ्या कानाला कळला नव्हता. खोलींत बसलेल्या तेरा माणसांपैकीं तो फक्त दादांना कळला.

“म्हणजे हें यंत्र हवेनें उतरतें?” दादांनीं विचारलें. बाळ म्हणाला, “हो. पाऊण तास आधीं चालूं करून ठेवावें लागतें. दार उघडलें तरी फरक पडतो.” दादा म्हणाले, “मग तें पंखा नव्हे.” एवढेंच बोलून त्यांनीं पुन्हां डोळे मिटले. श्रावणांत तंबोरा किती छळतो, तें आमच्या घरांत लहान पोरालाहि ठाऊक आहे. तो खर्जाचा ठेका त्यानंतर विरून जातो, समुद्रावर धुकें उतरावें तसे लांब स्वर पसरतात, आणि शेवटीं दूर कोठें मुलें खेळत असावींत तसा गलबला ऐकूं येऊन बाजू संपते.

चहा झाला. वहिनींनीं नांवाचा अर्थ विचारला. फीड्रा ही ग्रीक पुराणांतील राणी. क्रीटचा राजा मिनोस ह्याची ती कन्या व थीसिअसची पत्नी. सावत्र मुलगा हिप्पोलिटस ह्याच्यावर तिचें मन जडलें, त्यानें धिक्कारलें, तिनें उलट त्याच्यावरच आळ घेतला आणि स्वतः जीव दिला. बापाच्या शापानें मुलगाहि मेला. युरिपिडीसनें ह्यावर नाटक लिहिलेलें आहे. “म्हणजे आपली तिष्यरक्षिता,” वहिनी तत्काळ म्हणाल्या, “आणि कुणाल.” गोष्ट खरीच तशी आहे, आमच्याकडे डोळे गेले, तिकडे प्राण. तबकडींत मात्र ही कथा कोठेंहि सांगितलेली नाहीं. शब्दच नाहींत, तेव्हां कथा कशी असेल? नांवाचा उपयोग दारावरच्या पाटीएवढाच. वहिनींना हें पटलें नाहीं; त्यांचें मत असें, कीं तो खालचा ठेका म्हणजे बाईच्या मनांतली न बोलतां येणारी गोष्ट आहे. असेलहि.

दुसऱ्या बाजूच्या पहिल्या कृतीला दहा मिनिटांस थोडीं कमी लागतात. तिचें नांव लांबलचक आहे. भावार्थ असा, कीं दुःस्वप्नांच्या किनाऱ्यावरचा गूढ आभास. साऱ्या तबकडींत मला हीच अधिक आवडली. हींत ठेका मुळींच नाहीं. मेलोट्रॉन नांवाच्या वाद्यावर ती वाजवलेली आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅमकडे हें वाद्य निघालें. पेटीसारख्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिमुद्रणाच्या फितीचा एक तुकडा, आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तेवढा एक स्वर मुद्रित केलेला. पट्टी दाबली कीं फीत सरकते व तो स्वर ऐकूं येतो. फीत आठ सेकंदांची. तेवढ्यांत बोट उचललें पाहिजे, नाहीं तर स्वर संपतो. म्हणजे ह्या वाद्यालाहि दम असतो, आणि वाजवणाराला तो सांभाळावा लागतो. ह्या कृतींत स्वरांचे लोट भरतीसारखे येतात व मागें सरतात, त्याचें एक कारण त्या आखूड फितींत आहे असें मला वाटतें.

तिच्या जन्माची हकीकत घरांतील स्त्रियांना विशेष आवडली. १९७३ च्या ४ डिसेंबरची रात्र. दिवसभराच्या श्रमानें फ्रांके व बाउमान झोंपीं गेले होते. फ्रोझेनें आपली पत्नी मोनिक हिला आंत बोलावलें, ध्वनिमुद्रकास उठवलें, आणि एका दमांत, पुन्हां न वाजवतां, ही दहा मिनिटांची कृति मुद्रित केली. तो पट्ट्या वाजवीत होता आणि मोनिक शेजारच्या दुसऱ्या यंत्राच्या गुंड्या फिरवीत होती. त्या यंत्रानें स्वर जणुं पाण्याखालून वर येतो व परत बुडतो. तो जो हेलकावा आपणांस ऐकूं येतो तो तिच्या हातचा आहे. वहिनींनीं हें फार लक्ष देऊन ऐकलें. “बाकीचे झोंपले असतांना,” त्या म्हणाल्या, “आम्हीहि पहांटे असेच बसत होतों.” मग दादांकडे न पाहतां त्यांनीं खोळ घातलेल्या तंबोऱ्याकडे पाहिलें.

तिसरी कृति आठ मिनिटांची आहे. आरंभीं कुजबुज, मग चिमण्यांनीं पत्र्यावर चोंची माराव्यात तसे तुटक स्वर. मुलांना ती आवडली. मला तींत कौशल्य दिसलें, जीव दिसला नाहीं. शेवटची सव्वादोन मिनिटांची. “बासरी!” खिडकींतून आमची नात ओरडली. होय, ती खरीखुरी बासरी. बाउमाननें वाजवलेली व प्रतिध्वनींत भिजवलेली. एवढ्या साऱ्या तारांच्या व गुंड्यांच्या जंजाळांतून शेवटीं माणसाचा श्वास ऐकूं येतो, आणि तो पुरतेपणीं ओळखीचा होण्यापूर्वींच तबकडी संपते.

सुई उचलली गेली. कोणी बोलेना. मग दादा बोलले, आणि ते तबकडीविषयीं बोलले नाहींत.

“त्याचा खर्ज मला ऐकूं आला,” ते म्हणाले. “तंबोऱ्याची जवारी गेलीं दोन वर्षें ऐकूं येत नाहीं.”

वाचकांपैकीं ज्यांना तंबोऱ्याचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: तार घोडीला निसटता स्पर्श करून झंकारते, तिच्या मूळ स्वरावर अनेक बारीक स्वरांची झालर उमटते, ती जवारी. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून ती साधावी लागते. हे झालरीचे स्वर फार उंच असतात. आणि उतारवयांत कानाची शक्ति जाते ती उंच स्वरांपासून, खालचे स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात. दादांनीं दोन वर्षांपूर्वीं कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन त्याचा कागदहि आणला होता. तो त्यांनीं वहींत ठेवून दिला, धागा जुळतां येत नाहीं म्हणून शिकवणें थांबवलें, आणि हें त्यांनीं पत्नीला देखील सांगितलें नाहीं. आम्ही त्यांना थकलेले समजत होतों. खोली बाळला न देण्याचें कारण वीज नव्हती, हें तेव्हां माझ्या लक्षांत आलें. जी वस्तु आपणांस ऐकूं येत नाहीं ती निदान जागची हालूं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

वहिनी उठल्या, आणि त्यांनीं एका तंबोऱ्याची खोळ काढली.

पुढच्या आठवड्यांत बाळनें तंबोऱ्याच्या घोडीजवळ एक लहानसा मायक्रोफोन बसवला व त्याची तार आपल्या यंत्रांतून नेली. कानाच्या डॉक्टरांचा तो कागद पुढें ठेवून ज्या पट्टींत दादांना अजून थोडें ऐकूं येतें तेवढीच पट्टी त्यानें वाढवली. पहिले दोन दिवस कांहीं साधलें नाहीं. कर्कश किंकाळी मात्र निघे. तिसऱ्या दिवशीं वहिनी तार छेडीत होत्या, दादा धागा सरकवीत होते, आणि एका जागीं त्यांचें बोट थांबलें. पूर्वीची जवारी ती नव्हेच, असें ते स्वच्छ म्हणाले. “पण आहे कोठें तें कळतें,” असेंहि म्हणाले.

मला ह्या योगायोगांत आणखी एका गोष्टीची मौज वाटते. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० सालीं अमेरिकेस गेले, व तेथील टेरी रायली हा नव्या वळणाचा संगीतकार त्यांचा शिष्य झाला. एकच स्वरसमूह पुनःपुन्हां फिरवण्याच्या त्याच्या रीतीचें ऋण ह्या सिंथेसायझरवाल्यांच्या पंथावर आहे, असें जाणकार मानतात. आपल्याकडे उलट, बंगलोरास निघालेल्या विजेच्या तंबोऱ्यानें गेल्या चार दशकांत गाण्याच्या असंख्य वर्गांत ठाण मांडलें आहे, आणि त्याला पंखा म्हणून कोणी हिणवलेलें माझ्या ऐकिवांत नाहीं. दादांनीं मात्र तोहि घरांत कधीं आणला नाहीं. “तो उतरत नाहीं,” ही त्यांची तक्रार.

खोलीचा निकाल असा झाला: पूर्वेच्या भिंतीस तंबोरे, पश्चिमेस बाळचीं यंत्रें. बाळनें एक जुन्या पद्धतीचा सिंथेसायझर मुद्दाम मिळवला आहे. नव्या यंत्रांप्रमाणें तो आपला स्वर आपण धरून ठेवीत नाहीं. संध्याकाळीं तो चालूं करून ठेवतो, दादा लोडाशीं येऊन बसतात, लाकडावर तळवा ठेवतात, आणि “उतरला” किंवा “चढला” एवढेंच सांगतात. परवांच्या रविवारीं उकाडा फार होता, म्हणून मीं खोलींतला पंखा लावूं गेलों. “पंख्याला हात लावूं नका,” दादा म्हणाले, “त्याचा षड्ज आतां कोठें बसला आहे.” आम्ही सारे घाम पुशीत तसेच बसलों.